बैठक न सोडलेला ड्रमवादक : त्रिलोक गुर्टू

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील गायनवृंदाचे दोन तरुण आमच्याकडे एक विनंती घेऊन आले. रविवारच्या मिस्सेला ऑर्गनच्या जोडीस ड्रमसेट वाजवण्याची परवानगी त्यांना हवी होती. ही वार्ता गावात पोहोचायला संध्याकाळ पुरली. दुसऱ्याच दिवशी एक वृद्ध गृहस्थ काठी टेकत धर्मगुरुनिवासात आले आणि म्हणाले, "फादर, हे वाद्य लग्नाच्या मांडवात शोभते. वेदीसमोर त्याचे काय काम?" त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. दहावे पायस यांनी १९०३ साली काढलेल्या संगीतविषयक आदेशात ढोल, झांजा आणि तत्सम गोंगाटी वाद्यांना मंदिरात स्पष्ट मज्जाव केला होता. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजात ते दार किलकिले केले. उपासनेला साजेशी असतील तर अन्य वाद्येही चालतील, असे परिषदेने म्हटले आणि त्यामुळेच आमच्या पिढीने वेदीजवळ तबला व ढोलकी ऐकली. तबला आला तेव्हाही कुरकुर झाली होती, हे त्या वृद्धांना आम्ही हळूच आठवून दिले.

त्या प्रश्नाचा निकाल देण्यासाठी हा लेख नाही. परंतु या निमित्ताने सेमिनरीच्या दिवसांपासून जपून ठेवलेली एक कॅसेट आम्ही पुन्हा बाहेर काढली आणि त्या दोन तरुणांना ऐकवली. तीवर वाजवणारा वादक मुंबईचा होता, मराठी मुलुखात वाढलेल्या एका थोर गायिकेचा पुत्र होता, आणि त्याचे नाव त्या दोघांनी कधी ऐकलेही नव्हते. हा लेख त्या वादकाविषयी आहे.

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या मातोश्री म्हणजे ठुमरीगायिका शोभा गुर्टू. माहेरच्या त्या भानुमती शिरोडकर, जन्म बेळगावचा, १९२५चा. आजी मेनकाबाई शिरोडकर या नृत्यांगना होत्या व गायनात त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांकडून तालीम घेतली होती. शोभाताईंना लहानपणी कोल्हापूरला अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ यांच्याकडून शिक्षण मिळाले आणि ठुमरी-दादऱ्याची दृष्टी घम्मन खाँ यांनी दिली. मराठी वाचकाला त्या 'सामना' (१९७५) या चित्रपटामुळे ठाऊक असतील, हिंदी रसिकाला 'पाकीझा' (१९७२) व 'मैं तुलसी तेरे आंगन की' (१९७८) यांमुळे. ही वंशावळ आम्ही नमनाला घडाभर तेल म्हणून सांगितलेली नाही. त्रिलोक गुर्टूंच्या वादनाचा उगम तिच्यात आहे आणि परदेशी समीक्षकांच्या लेखनात नेमका तोच दुर्लक्षित राहतो.

मुलगा पाच-सहा वर्षांचा असल्यापासून तबल्यावर बसला. घरात आईची मैफल, आईचा रियाज. धाकट्या हाताला ठेका धरायला लागणे ही अशा घरांत नित्याची गोष्ट होय. थोरले बंधू रवी गुर्टू हेही तालवादक झाले. पुढे कुमारवयात पाश्चात्त्य तबकड्या कानावर पडू लागल्या. जॉन कोल्ट्रेनचा जॅझ, जिमी हेंड्रिक्सची गिटार, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे सोल आणि फंक. त्या काळची एक गोष्ट स्वतः गुर्टूंनी सांगितली आहे. एकाच ध्वनिमुद्रणावर थरावर थर चढवता येतात, हे त्या वयात त्यांना ठाऊकच नव्हते. तबकडीवर ऐकू येणारे सारे काही एकच माणूस एकाच वेळी वाजवतो, अशा समजुतीने त्यांनी ते सगळे वाजवण्याची खटपट केली. अज्ञानातून असे काही निपजावे ही ईश्वराची लीलाच म्हणावी लागेल.

'फंक' हा शब्द आमच्या बहुसंख्य वाचकांना अपरिचित असणार, म्हणून क्षणभर थांबतो. अमेरिकन गायक जेम्स ब्राऊन यांच्या वाद्यवृंदाने १९६५ नंतरच्या काही वर्षांत हा प्रकार घडवला. १९६७चे 'कोल्ड स्वेट' हे गीत त्याचा मैलाचा दगड मानले जाते. त्यापूर्वीच्या नृत्यसंगीतात चार मात्रांपैकी दुसरी व चौथी ठळक वाजे. ब्राऊन यांनी सगळा भार पहिल्या मात्रेवर आणला. मधल्या मात्रांत वादकाने वाटेल तितकी वळणे घ्यावीत, पण पहिलीवर सर्वांनी एकत्र उतरावे. आपल्या वाचकांपैकी ज्यांनी एकदा तरी मैफलीत सम आल्यावर मान डोलावली आहे, त्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. 'कोल्ड स्वेट'वर ड्रम वाजवणारे क्लाइड स्टबलफील्ड (१९४३–२०१७) हे चॅटानूगा शहरातले. संगीताची शाळा त्यांनी पाहिली नव्हती. कारखान्यांचे आणि आगगाडीचे ठोके ऐकत त्यांची लय घडली. त्यांच्या डाव्या हाताच्या काठीचे अगदी हलके, ऐकू येतील न येतील असे आघात मुख्य आघातांच्या मधली पोकळी भरून काढतात. तबलजी बोलाबोलांच्या मधल्या जागा डग्ग्यावर हलकेच भरतो तसेच हे. १९६९च्या नोव्हेंबरात मुद्रित झालेल्या 'फंकी ड्रमर' या गीतातील त्यांचा काही सेकंदांचा एकल तुकडा पुढच्या पिढीने शेकडो गाण्यांत कापून वापरला. रचनेचा हक्क त्यांच्या नावावर नव्हता, त्यामुळे त्या वापराचे मोल त्यांच्या पदरात जवळजवळ काहीच पडले नाही.

हे वाचताना आमच्या समाजातील अनेकांना घरचीच गोष्ट आठवेल. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत गोव्याचे आणि कोकणपट्टीचे किती ख्रिस्ती वादक बसले, आणि तबकडीच्या वेष्टनावर त्यांतील किती जणांची नावे छापली गेली? माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले ते १९७७च्या चित्रपटातील एका विनोदी गाण्यामुळे, आणि तेही संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनगुरूची आठवण ठेवली म्हणून. सेबास्टियन डिसूझा, चिक चॉकलेट ही नावे आज जाणकारांच्या तोंडीच उरली आहेत. तालवाद्यांपुरते बोलायचे तर पारशी समाजातील कावस लॉर्ड यांनी बोंगो-कोंगासारखी वाद्ये हिंदी चित्रपटांत रुजवली, पण पडद्यासमोर बसलेल्या प्रेक्षकाला त्यांचा चेहरा कधी दिसला नाही. गुर्टूंसमोर हीच वाट होती. ती सोडून सत्तरच्या दशकात ते युरोपात गेले.

सुरुवातीची वर्षे दुसऱ्यांच्या मागे बसण्याची होती. डॉन चेरी यांचा ट्रम्पेट, चार्ली मारियानो यांचा सॅक्सोफोन, 'एम्ब्रियो' हा जर्मन वाद्यवृंद. या 'एम्ब्रियो'च्या १९७७च्या 'अपो-कॅलिप्सो' या तबकडीवर मुलाबरोबर आईही गायली आहे. ठुमरीची एक ज्येष्ठ गायिका जर्मन रॉकवादकांच्या ताफ्यात उभी राहते, हे आमच्या मते त्या काळच्या पुणे-मुंबईच्या संगीतमंडळांत कोणाला रुचले नसते. आईने ते केले.

१९८४ साली 'ओरेगॉन' या अमेरिकन चमूतील वादक कॉलिन वॉलकॉट यांचे पूर्व जर्मनीत मोटार अपघातात निधन झाले. वॉलकॉट हे रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखाँकडे तबला शिकलेले अमेरिकन. त्यांच्या रिकाम्या जागी गुर्टू आले. म्हणजे तबला शिकलेल्या अमेरिकनाची जागा ड्रम वाजवणाऱ्या मुंबईकराने घेतली! १९८७चे 'इकोटोपिया', १९८९चे 'फॉर्टी-फिफ्थ पॅरलल' आणि १९९१चे 'ऑलवेज, नेव्हर अँड फॉरएव्हर' या तीन तबकड्यांवर ते आहेत. गिटार, ओबो आणि कॉन्ट्राबास यांच्या त्या मंद, जवळजवळ कुजबुजत्या संगीतात ड्रमला फारसे काम नसते, आणि काम नसताना काय करावे हे ज्याला समजते तोच खरा संगतकार. या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा आम्हांला त्या काहीशा फिकट वाटल्या होत्या. आज तसे वाटत नाही.

आता त्यांच्या बैठकीविषयी. पाश्चात्त्य ड्रमवादक स्टुलावर बसतो, उजव्या पायाने मोठा ड्रम ठोकतो. गुर्टू स्टूल वापरत नाहीत. गुडघा टेकून, अर्धवट बसून, ते जमिनीलगतच वाजवतात आणि पायाचा ड्रम त्यांनी त्यानुसार खास बनवून घेतला. भोवती स्नेअर, झांजा, तबल्याची जोडी, घंटा, शिंपल्यांच्या माळा, आणि पाण्याने भरलेली एक बादली. झांज वाजवता वाजवता ते ती पाण्यात बुडवतात, तसा तिचा स्वर वाकतो व खाली ओघळतो. बादली पाहून हसणारे आम्ही पाहिले आहेत. आम्हांला मात्र हा नाटकीपणा वाटत नाही. मींड घेता न येणे ही झांजेची मूळ उणीव आहे, आणि ठुमरी ऐकत वाढलेल्या कानाला मींडेवाचून चैन पडत नाही. गुर्टूंनी पाण्याकडून ती मागून घेतली. जमिनीवरची बैठकही तशीच. तबल्यावरून हात उचलून ड्रमवर न्यायचा तर दोन्ही एकाच उंचीवर हवेत. बैठक मोडली नाही, वाद्येच बैठकीला आली.

हे सारे कोठे सर्वाधिक फळले? आमच्या मते जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या त्रयीत. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेली त्यांची मैफल तबकडीरूपाने उपलब्ध आहे. आमची जपलेली कॅसेट ती हीच. मॅकलॉफ्लिन यांची विजेविना गिटार, काई एकहार्ट यांचा बास आणि गुर्टू. बाससह ड्रम जेव्हा फंकच्या ठेक्यात शिरतो तेव्हा पहिली मात्रा जेम्स ब्राऊनची असते, परंतु तिच्याकडे येण्याचे रस्ते तिहाईचे असतात. एकच तुकडा तीनदा, आणि शेवटचा आघात नेमका समेवर. अमेरिकन ड्रमवादक मात्रा मोजून परत येतो, गुर्टू बोल म्हणत परत येतात. मैफलीत ते प्रत्यक्ष तोंडाने बोल म्हणतातही, आणि मग तेच बोल काठीने आणि बोटांनी वाजवतात. आधी वाचा, मग हात, ही तबल्याच्या शिक्षणाची रीत आहे. लंडनचे श्रोते त्यावर हसतात, टाळ्या देतात. त्यांना ती गंमत वाटली असावी. ती घरची शिस्त आहे.

या ठिकाणी आमचा मुख्य मुद्दा मांडतो. गुर्टूंना सर्वत्र 'फ्यूजन'चे, म्हणजे मिश्रणाचे वादक म्हटले जाते. हा शब्द आम्हांला अपुरा वाटतो. ठुमरीच्या मैफलीत गायिका दीपचंदीसारख्या संथ तालात शब्दाला नाना अर्थांनी खुलवत राहते, आणि तेवढा वेळ तबलजीने केवळ साधा ठेका धरायचा असतो. हात शिवशिवत असले तरी आवरायचे असतात. शेवटी गायिका एका ओळीवर स्थिर होते, ताल केहरव्याच्या जलद अंगाने वळतो आणि तबलजीला मोकळीक मिळते. हीच लग्गी. एक छोटा, खेळकर तुकडा पुनःपुन्हा, दर वेळी किंचित बदलून, असा की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप हलावा. मग तिहाई, आणि पुन्हा मूळ ठेका, पुन्हा संयम. फंक म्हणजे दुसऱ्या खंडातून आलेली लग्गीच, असे आम्ही धाडसाने म्हणतो. गुर्टूंना दोन परक्या गोष्टी एकत्र कालवाव्या लागल्या नाहीत. आईच्या मागे बसून जे ते लहानपणीच ऐकत होते, तेच त्यांना अमेरिकन तबकडीवर पुन्हा भेटले. म्हणून त्यांचा फंक नकलेसारखा वाटत नाही.

आणि याच कारणाने त्यांचे दोषही समजतात. लग्गीला अर्थ येतो तो आधीच्या संयमामुळे. समोर कोणी नसले, ज्याची संगत करायची असा स्वर नसला, की लग्गी ही निव्वळ कसरत होते. गुर्टूंनी स्वतःच्या नावाने तबकड्या काढायला १९८८मध्ये आरंभ केला. १९९१च्या 'लिव्हिंग मॅजिक'वर यान गार्बारेक यांचा सॅक्सोफोन आहे, १९९३च्या 'क्रेझी सेंट्स'वर जो झाविनुल आणि पॅट मेथेनी आहेत. या दोन्ही आम्हांला आवडतात, कारण पाहुणे थोडे आहेत आणि प्रत्येकाला बोलायला अवकाश आहे. त्याच दशकात अमेरिकेच्या 'डाउन बीट' मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना वारंवार सर्वश्रेष्ठ तालवाद्यवादक निवडले, हे योग्यच झाले. पण पुढे पाहुणे वाढत गेले. २०००च्या 'आफ्रिकन फँटसी'वर आफ्रिकेच्या नामवंत गायिका, २००४च्या 'ब्रोकन रिदम्स'वर इटलीचा तंतुवाद्यवृंद, तुवा प्रांताचे कंठगायक आणि आयर्लंडचे गिटारवादक गॅरी मूर. सणाच्या दिवशी भाषणे फार झाली की पालक संताचे नाव मागे पडते, त्याची आठवण आम्हांला झाली. तुकडे उत्तम आहेत, हात तर विलक्षणच आहे. पण यजमान दर खोलीत जाऊन पाहुण्यांची विचारपूस करत राहतो आणि स्वतः कोठेच बसत नाही. आमचे हे मत अनेक रसिकांना मान्य होणार नाही. आफ्रिकेच्या तबकड्यांवर जीव टाकणारे लोक आम्हांला माहीत आहेत. पुढे २०११मध्ये इंग्रज ड्रमवादक सायमन फिलिप्स आणि हॅम्बुर्गचा मोठा जॅझवृंद यांच्यासमवेत त्यांनी '२१ स्पायसेस' काढली. तेथे समोर पुन्हा कोणीतरी आहे, दुसरा ड्रमवादकच आहे, आणि लगेच गुर्टू ऐकू लागतात. ऐकणारा गुर्टू हा वाजवणाऱ्या गुर्टूपेक्षा मोठा.

२०१९मध्ये आलेल्या तबकडीचे नाव 'गॉड इज अ ड्रमर' असे आहे. सेमिनरीत शिकलेल्या माणसाच्या भुवया अशा शीर्षकाने उंचावणे स्वाभाविक आहे. तथापि स्तोत्रसंहितेच्या १५०व्या, म्हणजे अखेरच्या स्तोत्रात डफ आणि झांजा यांना स्तुतीसाठी पाचारण केलेलेच आहे, तेव्हा आम्ही भुवया पुन्हा खाली आणल्या.

त्यांच्या स्वतःच्या नावाच्या पहिल्या तबकडीविषयी लिहायचे राहिले, ते मुद्दाम मागे ठेवले होते. १९८८च्या त्या तबकडीचे नाव 'उस्फ्रेत'. रोमन लिपीत ते चमत्कारिक दिसते, पण मराठी कानाला त्यात 'उत्स्फूर्त' हा आपला शब्द सहज ऐकू येतो. डॉन चेरी, ओरेगॉनचे राल्फ टाउनर, व्हायोलिनवादक एल. शंकर, बासवादक योनास हेलबोर्ग असे सहकारी त्यावर आहेत. आणि आई. त्यातील एका रचनेचे नावच 'शोभारॉक' आहे. नाव वाचून प्रथम आम्हांला हसू आले होते. खाली बास आणि ड्रम यांचा ठाम, थोडा खडबडीत ठेका, आणि वर साठी ओलांडलेल्या शोभाताईंचा तो भरदार, किंचित घोगरा आवाज. त्या आवाजाने आपला स्वभाव तसूभरही बदललेला नाही. ठेक्याकडे पाहून तो घाई करत नाही, नव्या युगाची खुशामत करत नाही. ठुमरीच्या मैफलीत शोभाताई जशा गायच्या तशाच येथे गातात, आणि मुलगा मागे बसून तिच्यासाठी जागा राखतो. आमच्या मते त्यांच्या सर्व मुद्रणांत हे श्रेष्ठ आहे.

शोभाताईंचे २७ सप्टेंबर २००४ रोजी मुंबईत निधन झाले.

त्या दोन तरुणांना आम्ही लंडनची मैफल आधी ऐकवली आणि 'शोभारॉक' नंतर. पहिलीच्या वेळी दोघांची बोटे गुडघ्यावर चालू होती, डोळे चमकत होते. दुसरीच्या वेळी बोटे थांबली. जो मुलगा स्वतः ड्रम वाजवतो, कोर्लईकडच्या लग्नांत ब्रास बँडबरोबरही वाजवून आलेला, तो शेवटी म्हणाला, "फादर, आई शब्द म्हणते तिथे तो हात आवरतो." मग त्याने ती जागा पुन्हा लावायला सांगितली. ड्रमसेटचा विषय पुढल्या महिन्यात धर्मग्राम परिषदेपुढे येईल. ते काठीवाले वृद्ध गृहस्थही परिषदेवर आहेत, आणि बैठकीपूर्वी आपल्यालाही ती कॅसेट एकदा ऐकायची आहे, असा त्यांचा निरोप आला आहे.